टाकी भरली का, यापलीकडे

महोदय,

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा त्याची चर्चा देशभर झाली. परंतु त्या उन्हाळ्याने आमच्या मनाला लावलेल्या सवयीबद्दल कोणी फारसे लिहिले नाही. रांगेत घागरी लावणे, टँकरची वाट पाहणे, रात्री उठून नळाची तोटी फिरवून पाहणे, एवढ्यातच दिवस सरत असे. त्याच वर्षी पावसाळ्यात मांजरा धरण भरले, तरी मी आजही पहाटे चारला उठून आधी तोटीलाच हात लावतो. परवा दहावीतल्या मुलीने सहज विचारले, "बाबा, तुम्हाला काय व्हायचं होतं?" मी बराच वेळ गप्प राहिलो आणि शेवटी म्हणालो, "टाकी भरली का बघ." वास्तविक एके काळी मला नकाशे काढायचे होते, मराठवाड्यातल्या प्रत्येक नदीचा उगम पायी जाऊन पाहायचा होता. दुष्काळाची चर्चा पिके, जनावरे आणि कर्ज यांपाशी थांबते (पोट आधी, हे मान्यच); मात्र रोजच्या त्याच काळजीने माणसाची पुढचे पाहण्याची नजर कशी आखूड होत जाते, यावरही आपल्या पुरवणीत कोणी लिहावे, ही विनंती. मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही.

— एक वाचक, लातूर