घोट्याला यंत्र बांधणाऱ्या मुलीस

बाळ,

नाव लिहू नका काकू, असं तू बजावलंस, म्हणून नुसतं बाळ म्हणते. पत्र मात्र उघडच लिहितेय. आमच्यासारखी घरं पुण्यात काही कमी नसतील.

ह्यांच्या पार्किन्सन्सला आता 9 वर्षं झाली. न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी ह्यांचे पाय फरशीला चिकटायचे. वरचं अंग पुढे निघालेलं आणि पाय जागच्या जागी थरथरतायत. दोनदा पडले. डॉक्टरांपुढे मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे ताठ चालून दाखवायचे! ‘काका तर मस्त चालतायत’ हे ऐकून मी खोटी ठरून घरी यायची. एकदा तर रिक्षात ह्यांच्याशी बोललेच नाही. कुणी बघत असलं, चालण्याकडे लक्ष असलं, की पाय बरे उचलतात, हा आजारच तसा आहे, हे तू नंतर सांगितलंस. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

‘मग घरातलंच चालणं मोजू’ असं म्हणणारी तू पहिली. काडेपेटीएवढी तीन यंत्रं, दोन घोट्यांना आणि एक कमरेला. आत वेग किती वाढला-घटला आणि अंग किती वळलं हे टिपणारे सेन्सर, सेकंदाला 100 नोंदी. ह्यांनी आधी कुरकुर केली, ‘मला काय बैल समजता, घुंगरं बांधताय?’ तू हसलीस, आणि मग सगळं मला नाही, ह्यांना समजावलंस. आजारी माणसासमोर त्याच्याविषयी दुसऱ्याशीच बोलायची लोकांना सवय असते. तुला नव्हती.

सात दिवसांनी तू आलेख घेऊन आलीस. जन्मभर गणित शिकवलेली मी, चष्मा पुसून बसले. साध्या चालण्याचे हेलकावे सेकंदाला 3 च्या आत, पाय चिकटल्यावरची थरथर 3 ते 8 च्या पट्ट्यात. दुसऱ्याचा जोर पहिल्यापेक्षा फार वाढला की पाय चिकटले असं समजायचं. मी लगेच शंका काढली, खुर्चीत बसल्या बसल्याही ह्यांचा पाय हलतो, तो ह्याच पट्ट्यात येणार ना? म्हणालीस, त्यासाठीच कमरेचं यंत्र, माणूस बसलाय की उभा ते त्यावरून कळतं. एवढं चोख उत्तर मला वर्गात फार थोड्या मुलांनी दिलं असेल.

आणि त्या आलेखाशेजारी तू माझी वही ठेवलीस, गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळांची. यंत्राला वरण-भात कुठून कळणार! सकाळी 7 च्या गोळीचा असर अकराच्या सुमारास उतरायचा, पावलं आखूड व्हायची. दुपारची गोळी मी जेवणाबरोबर द्यायची, आणि ती कधी चढायची तर कधी नाहीच. डाळ-दह्यातल्या प्रथिनांची आणि ह्यांच्या गोळीतल्या औषधाची, लेव्होडोपाची, आतड्यात नि पुढे मेंदूच्या दाराशी एकच रांग, तिथे धक्काबुक्की होते. तो कागद पाहून डॉक्टर बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी दुपारची गोळी अलीकडे ओढली, जेवणाच्या तासभर आधी. मला त्या कागदाने खरं ठरवलं, हेही लिहिते. त्याचं सुख काही कमी नव्हतं.

न्हाणीघरापुढे तू गुडघ्यांवर बसून पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्यास. त्या ओलांडायच्या म्हटलं की पाय सुटतो. शेजारच्या वहिनी विचारतात, ही कसली रांगोळी? हे त्यांना स्वतः चालून दाखवतात. परवा तर गुळगुळीत दाढी करून, टाळ्यांची वाट बघत.

सगळं आलबेल आहे असं नाही. गोळी अजूनही उतरते, फक्त ती कधी उतरणार ते आता आधी ठाऊक असतं, म्हणून त्या वेळेला अंघोळ काढत नाही. या आजाराला परतीची वाट नाही हे आम्हा दोघांनाही कळतं.

एक राहिलं. रात्री दोनला हे उठतात तेव्हा पलंगाजवळ वळताना तोल जातो. तुझ्या आलेखात हे आलंच नाही, कारण रात्री यंत्रं चार्जिंगला लावलेली असायची. पुढच्या वेळी ती दिवसा चार्ज करू. एक वेल्क्रोचा पट्टाही सोफ्याखाली सापडलाय, तो न्यायला ये. जेवायलाच ये, ह्यांची गोळी बाराला असते, म्हणजे पान एकला वाढेन.

तुझी,
काकू