ती बेशुद्ध पडली नव्हती, म्हणून तिला पुन्हा खेळवले : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

माझी मुलगी नववीत शिकते आणि खो-खो खेळते. धाराशिव जिल्ह्यातल्या खो-खो खेळणाऱ्या मुलीला कोणासारखे व्हायचे असते, हे आपणांस सांगायला नको. २०२० साली खो-खोपटू सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून त्यांचे छायाचित्र आमच्या भिंतीवर आहे. गेल्या महिन्यात १७ वर्षांखालील शालेय स्पर्धेत सूर मारताना तिचे डोके खांबावर आदळले. तोंडावर पाणी मारून, कपाळावर स्प्रे फवारून तिला पुढच्या डावात पुन्हा उतरवण्यात आले. आपण आक्रमण करतो आहोत की बचाव, हे ती मैत्रिणींना विचारत होती, असे मला नंतर कळले. तिला बाहेर बसवण्यासाठी तेवढी एक खूण पुरेशी होती, पण ती ओळखणारे मैदानावर कोणीही नव्हते.

रात्री तिला तीनदा उलट्या झाल्या. भाड्याची जीप करून आम्ही तिला सोलापूरला नेले. सिटी स्कॅन निर्दोष आला आणि "काही नाही, विश्रांती द्या" असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. आज २४ दिवस झाले. तिला फळ्यावरचे वाचताना डोके दुखते, उजेड सोसत नाही, आणि एरवी सगळ्यांना हसवणारी ही पोर क्षुल्लक गोष्टीवरून रडते. शाळेत काही जण ती ढोंग करते म्हणतात, ते मला सर्वांत जास्त लागले.

यानंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी मला समजावले ते मी लिहिते, कारण ते मला आधी कोणी सांगितले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते. याला कन्कशन म्हणतात. यात मेंदू कवटीच्या आत हादरतो आणि त्याच्या पेशींचे काम काही काळ बिघडते. रक्तस्राव किंवा अस्थिभंग नसल्यामुळे स्कॅनमध्ये ते दिसत नाही. दहातले नऊ रुग्ण बेशुद्ध पडतच नाहीत. मुलांना सावरायला मोठ्यांपेक्षा जास्त दिवस लागतात, आणि मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर क्वचित प्रसंगी मेंदूला सूज येऊन जीव जातो. माझ्या मुलीला त्या दिवशी दुसरा मार बसला नाही, हे केवळ आमचे नशीब.

डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे रवींद्र जडेजांच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, तेव्हा त्यांच्या जागी युझवेंद्र चहल उतरले, कारण आंतरराष्ट्रीय क्रिकेटने २०१९ पासून तसा नियम केला आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात डोक्याला मार लागूनही पुन्हा खेळवलेला १३ वर्षांचा मुलगा कायमचा अपंग झाला; तेथे २००९ साली असे पुन्हा खेळवण्यास मनाई करणारा कायदा झाला आणि पाच वर्षांत सर्व राज्यांनी तसे कायदे केले. आमच्या लेकरांचे डोके काय कमी किमतीचे आहे?

मुले दुखणे लपवतात याचे कारण आपल्या खात्याला ठाऊक असले पाहिजे. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि मराठवाड्यात, जिथे एका पावसाने वर्षाचे पीक जाते, तिथे खेळाडू मुलीच्या घरची आशा त्या एका प्रमाणपत्रावर असते. अशी मुलगी "मला चक्कर येते" असे कधीच म्हणणार नाही. म्हणून हा निर्णय तिच्यावर किंवा संघ जिंकण्याची घाई असलेल्या प्रशिक्षकावर सोडू नका.

डोक्याला मार लागल्याचा संशय आला की त्या दिवशी खेळ बंद, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पुन्हा मैदानात प्रवेश नाही, असा आदेश काढा. गोंधळलेली उत्तरे, तोल जाणे, उलटी, शून्य नजर ही लक्षणे मराठीत छापून प्रत्येक क्रीडाशिक्षकाच्या खिशात द्या. जखमेमुळे बाहेर बसलेल्या मुलांचे सवलतीचे गुण कापू नका. कबड्डीत गुडघा डोक्याला लागतो, कुस्तीत डोके जमिनीवर आपटते. हे सर्व खेळांना लागू व्हावे.

पुढच्या फेरीचे सामने आता सुरू होतील आणि त्यात माझ्या मुलीच्या मैत्रिणी खेळणार आहेत. त्याआधी आदेश निघावा, एवढीच माझी मागणी आहे.

आपली,
धाराशिव जिल्ह्यातील एक आई