तिकांड्याखालचा तो ठिपका

दारव्हा तालुका,
पौष अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय दिन्या,

फोन करणार होतो, पण हे फोनवर सांगून होणारं नाही. जागलीला जायचो तेव्हा ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या तिकांड्याखालचा धुरकट ठिपका दाखवून तू म्हणायचास, "हा तारा कोणीतरी पुसला." तोच तो मृगातला तेजोमेघ. काल त्याचा फोटो काढला, गड्या!

दुर्बिणीचं स्टँड ध्रुवाच्या रोखानं लावावं लागतं. ध्रुव आपल्याकडे जेमतेम २० अंशांवर, त्यात वावरातल्या लिंबाआड गेलेला. म्हणून सगळी मांडणी उचलून धुऱ्यावर नेली. साठ-साठ सेकंदांच्या १०० फ्रेम ठरवल्या होत्या. पण हरभऱ्याला पाणी सुरू होतं, ओल वर आली आणि दुर्बिणीच्या छोट्या आरशावर दव धरलं. तारे फुगून कापसाच्या बोंडासारखे दिसायला लागले, तेव्हा कुठे कळलं. ३८ फ्रेम गेल्या. रडू आलं रे. आरसा पुसला नाही, ओरखडे पडतात. वाळेपर्यंत बसून राहिलो आणि पुन्हा सुरुवात केली.

तेजोमेघाच्या मधले चार तारे ६० सेकंदांत पार जळून पांढरे होतात, म्हणून त्यांच्यासाठी ५ सेकंदांच्या २० फ्रेम वेगळ्या. पहाटे झाकण लावून तेवढ्याच थंडीत डार्क फ्रेमही घेतल्या, कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष वजा करायला.

सिरिल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या एकावर एक बसवल्या. १०० फ्रेमच्या सरासरीत दाणेदारपणा दहापट घटतो, हे वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते काल. काळ्या पडद्यातून तेजोमेघाचे पंख हळूहळू उलगडत गेले. लाल मात्र फिका होता, कारण हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची लाली कॅमेऱ्याची मूळ गाळणी बरीचशी अडवते. मी हावरटासारखा रंग वाढवला. बाबा बघून म्हणाले, "गुलाल उधळला का रे? रात्री नळीतून तर राख दिसत होती."

अंधारात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही, कॅमेरा मात्र प्रकाश साठवत जातो, हे मी त्यांना समजावलं. पण गुलालाचं त्यांचं खरंच होतं. १३४० वर्षं चालत आलेल्या उजेडावर मी माझा रंग चढवायचा नाही. सगळं पुसून पुन्हा केलं. आता पंखांच्या कडेला फिकट गुलाबी आहे, तेवढाच आला होता.

फोटो सोबत पाठवतोय, मोबाईलवर नको, मोठ्या पडद्यावर बघ. पुढच्या अमावास्येला ये. दव धरू नये म्हणून आरशाला लावायची गरम पट्टी तिकडून आण, इथं मिळत नाही. आई म्हणते, दिन्या आला की ज्वारीच्या भाकरी टाकते.

तुझाच,
बाळ्या