कामवाल्या मावशींना वेगळी लिफ्ट कशासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाँग जून-हो यांचा 'पॅरासाइट' हा माझा सगळ्यात आवडता कोरियन सिनेमा. 2019 ला फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलचं सर्वोच्च बक्षीस पाम द'ओर, 2020 ला चार ऑस्कर, इंग्रजी नसलेल्या सिनेमाला बेस्ट पिक्चर मिळायची ती पहिलीच वेळ, त्यामुळे तेव्हा आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी बघितला आणि 'काय भारी ट्विस्ट आहे' म्हणून विसरूनही गेले. मला त्यातलं सगळ्यात जास्त लागलं ते वासाचं प्रकरण, आणि परवा आमच्या सोसायटीच्या सभेत जे झालं त्यामुळे ते परत आठवलं म्हणून हे पत्र.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोलमध्ये किम नावाचं कुटुंब अर्धवट जमिनीखालच्या घरात राहतं, पिझ्झाचे बॉक्स दुमडून देऊन पैसे कमावतं. अशी घरं तिकडे खरंच आहेत, 1970 च्या सुमारास उत्तर कोरियाच्या भीतीने बिल्डिंगखाली तळघरं काढायला लावली होती, पुढे घरांची टंचाई झाली तशी तीच भाड्याने जायला लागली. तर हे चौघं खोटं बोलून एकेक करून पार्क नावाच्या श्रीमंत घरात कामाला लागतात. आणि पार्क मंडळी वाईट नाहीत हो, ओरडत नाहीत, ज्यादा कामाचे ज्यादा पैसे देतात, बोलणं गोड. किमची बायको म्हणते, माझ्याकडे एवढा पैसा असता तर मीपण चांगलीच वागले असते, पैसा म्हणजे इस्त्री, सगळ्या सुरकुत्या जातात. पण हेच पार्कसाहेब रात्री सोफ्यावर बायकोला सांगतात की ड्रायव्हर मर्यादा ओलांडत नाही पण त्याचा वास मागच्या सीटपर्यंत येतो, सबवेने जाणाऱ्या लोकांना येतो तसला. आणि तो ड्रायव्हर, म्हणजे किम कुटुंबातला बाप, तेव्हा त्याच हॉलमध्ये टेबलाखाली लपलेला असतो, शेजारी त्याची दोन्ही मुलं, आणि तो गुपचूप स्वतःचा शर्ट हुंगून बघतो.

आता आमची सभा. आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला आहे. ठराव आला की कामवाल्या मावशी, डिलिव्हरीची मुलं आणि हाउसकीपिंगवाले यांनी पॅसेंजर लिफ्ट वापरायची नाही, फक्त सर्व्हिस लिफ्ट. कारण विचारलं तर आधी म्हणाले गर्दी होते, मग म्हणाले सिक्युरिटीचा प्रश्न आहे, मग एक ताई बोलल्याच, "अहो सकाळी ऑफिसला निघताना लिफ्टमध्ये वास येतो." चार माना हलल्या, ठराव पास. माझा विरोध मी मिनिट्समध्ये लिहून घ्यायला लावलाय.

वास कसला येतो ते तरी बघा ना. मावशी पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा उठतात, स्वतःच्या घरचं आवरून टीएमटीच्या बसमध्ये उभ्याने येतात, मग एका घरी भांडी, दुसरीकडे बाथरूम, तिसरीकडे मासळी साफ करायची. आमच्या बांगडा मासळीचा, आमच्या बाथरूममधल्या ॲसिडचा, आमच्या फिनेलचा वास आहे तो! आपल्याच घरातली घाण काढताना त्यांच्या अंगाला लागलेला वास लिफ्टमध्ये नको आणि त्याच हातच्या पोळ्या डब्यात मात्र रोज पाहिजेत, हे मला तरी पटत नाही. आणि सर्व्हिस लिफ्ट एकच, त्यातून कचऱ्याचे डबेही जातात, फर्निचरही जातं, सकाळी खाली ही लाइन लागते, मग पुढच्या घरी उशीर झाला की बोलणी पुन्हा मावशींनाच.

पावसाचंही तसंच. सिनेमात एका रात्री तुफान पाऊस पडतो, पार्कांची कॅम्पिंगची ट्रिप अर्धवट राहते, मुलगा लॉनवर तंबू ठोकून झोपतो, आणि त्याच रात्री किमच्या घरात गटाराचं पाणी छातीपर्यंत चढतं, संडासातून उलटं येतं. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक हॉलमध्ये बाकीच्या पूरग्रस्तांबरोबर झोपून उठलेला ड्रायव्हर गाडी चालवतोय आणि मॅडम मागे फोनवर सांगतायत की काल पाऊस पडला ते किती बरं झालं, हवा स्वच्छ झाली. आमच्या ग्रुपवर जुलैमध्ये येऊरच्या डोंगरावर ढग उतरले की बाविसाव्या मजल्यावरून फोटो येतात, भजी, चहा, मस्त वेदर, आणि लगेच खाली मेसेज, 'माझी बाई आली नाही, कोणाची येतेय का?' तेच डोंगरावरचं पाणी नाल्याने खाली येतं आणि मावशींच्या चाळीत शिरतं. मागच्या पावसात त्या दुपारी आल्या तेव्हा मोबाइल दुधाच्या पिशवीत बांधलेला, साडी गुडघ्यापर्यंत चिखलात, म्हणाल्या पोरीच्या वह्या पंख्याखाली पसरून आलेय. एका घरी त्यांचा त्या दिवसाचा पगार कापला.

सोलमध्ये ऑगस्ट 2022 ला खरंच असा पाऊस झाला, आणि अशाच तळघरातल्या घरात एक बाई, तिची बहीण आणि 13 वर्षांची मुलगी बुडून गेल्या, पाण्याच्या दाबाने दारच उघडलं नाही. त्यानंतर कुठे तिथल्या महापालिकेने अशी घरं टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलं. तोवर सिनेमा येऊन 3 वर्षं झाली होती.

अजून एक सांगायचंय. सिक्युरिटी गार्डच्या एका जागेसाठी 500 ग्रॅज्युएट रांगेत असतात असं त्यात एक वाक्य आहे. आमच्या गेटवर मराठवाड्यातला बी.ए. झालेला मुलगा 12 तास ड्युटी करतो, आता मावशींना लिफ्टमधून उतरवायचं काम त्याच्या गळ्यात पडलंय आणि त्यावरून त्या दोघांचीच बाचाबाची झाली, ठराव करणारे त्या वेळी आपापल्या घरी. सिनेमातही पार्कांच्या घराखालच्या तळघरात एकमेकांच्या जिवावर उठतात ती दोन्ही कुटुंबं, म्हणजे किम मंडळी आणि आधीची कामवाली नि तिचा नवरा, गरीबच, मालक तेव्हा ट्रिपला.

आपल्या राज्यात घरेलू कामगारांसाठी 2008 चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे, पण आमच्याकडे किती जणींची नोंदणी झालीये हे सभेत कोणालाच सांगता आलं नाही. त्यामुळे ठाणे आणि नवी मुंबईतल्या सगळ्या कमिटी मेंबरना माझी कळकळीची विनंती आहे, लिफ्टबाहेरचे असले मनाईचे बोर्ड काढा, मावशींना आणि गार्डना वापरता येईल असं एक स्वच्छ टॉयलेट खाली ठेवा, आणि पाणी भरलं त्या दिवसाचा पगार कापू नका. ज्या सोसायट्यांनी हे आधीच केलंय त्यांनी कृपया याच सदरात लिहावं, आमच्या पुढच्या सभेत मला ते कात्रण वाचून दाखवायचंय.

आपली,
एक वाचक, ठाणे (प.)