चारशे किलोमीटरवरचं वैर

ह्यूस्टन, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्याकडे बेसबॉलच्या संघांची म्हणे नव्याने वाटणी होणार. त्यात तुला एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काय आहे?" मी तेव्हा कामावर निघालो होतो, धड उत्तर दिलं नाही. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. आज मुलं झोपली आहेत, म्हणून बसलोय लिहायला. पत्र लांबणार आहे, चहा घेऊनच वाच.

आधी प्रकरण काय ते सांगतो. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीग, प्रत्येकीत १५ संघ, आणि प्रत्येक लीगमध्ये पाच-पाच संघांचे तीन विभाग. नॅशनल लीग १८७६ची, अमेरिकन १९०१ची. पूर्वी या दोन घरांचं जाणंयेणं जवळजवळ फक्त शेवटच्या वर्ल्ड सिरीजपुरतं, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांच्या अंतिम मालिकेपुरतं असे. मोसमात एकमेकांशी खेळायला लागले ते थेट १९९७ साली. आता कमिशनर रॉब मॅनफ्रेड म्हणताहेत की संघ ३२ झाले की भूगोल पाहून सगळी नवी मांडणी करता येईल. खेळाडूंचा प्रवास कमी होईल, टीव्हीच्या वेळा जुळतील, शेजारी शेजाऱ्याशी जास्त खेळेल. ऐकायला सगळं बरोबरच वाटतं. पण माझ्या गावाची अशी बदली एकदा होऊन गेली आहे आणि ती मी इथे बसून पाहिली आहे.

मी ह्यूस्टनला आलो २००४ साली. शेजारी एक आजोबा राहायचे, रिफायनरीतून निवृत्त झालेले. संध्याकाळी घरापुढच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे, बाजूला रेडिओ, मांडीवर स्कोअरची वही. बेसबॉल मला त्यांनी शिकवला, आणि तो त्या वहीवरून शिकवला. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो. चेंडू फेकणारा पिचर १, बॅटरमागचा कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप ६. चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला, तर चौकोनात लिहायचं ६-३. स्ट्राइकआउटला, म्हणजे चेंडू मारायच्या तीन संधी घालवून बॅटर बाद झाला तर, इंग्रजी के. आणि बॅटर बॅट न हलवता नुसता बघत उभा राहून बाद झाला, तर तो के उलटा काढायचा. उलटा के काढताना आजोबांच्या चेहऱ्यावर जी नापसंती यायची, ती पाहून मला आपले गणिताचे सर आठवायचे.

आमच्या ह्यूस्टनचा संघ ॲस्ट्रोज, तो १९६२ पासून नॅशनल लीगमध्ये होता. आजोबांचं सगळं आयुष्य त्याच लीगमध्ये गेलेलं. १९८०ला फिलाडेल्फियाशी हरलो, १९८६ला न्यूयॉर्क मेट्सशी नेहमीच्या नऊऐवजी सोळा इनिंग चाललेला सामना ७-६ने हरलो, हे ते घरातल्या माणसांच्या आजारपणासारखं सांगायचे. आणि माझ्या डोळ्यांदेखतचं वैर होतं सेंट लुईस कार्डिनल्सशी. २००५ची नॅशनल लीगची अंतिम मालिका, पाचवा सामना. आमची आघाडी, नववी इनिंग, दोन बाद. आणखी एक गडी की इतिहासात पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज. समोर अल्बर्ट पुहोल्स, आमचा पिचर ब्रॅड लिज. पुहोल्सने मारलेला चेंडू आमच्या स्टेडियममध्ये डाव्या बाजूला उंचावर रेल्वेचे रूळ आहेत तिथवर गेला. होमरन, आपल्या षटकारासारखा. सगळं स्टेडियम एका क्षणात मुकं झालं. आजोबांच्या वहीत त्या चौकोनात पेन्सिलीचं टोक कागदाच्या आरपार गेलंय. पुढचा सामना सेंट लुईसला जाऊन आम्ही जिंकला आणि वर्ल्ड सिरीज गाठली, पण आजोबा दाखवायचे ते भोकच.

मग नोव्हेंबर २०११मध्ये संघाची मालकी ड्रेटन मॅकलेन यांच्याकडून जिम क्रेन यांच्याकडे जायची वेळ आली. तेव्हा नॅशनलमध्ये १६ संघ होते आणि अमेरिकनमध्ये १४. लीगने अट घातली की ॲस्ट्रोजनी अमेरिकन लीगच्या पश्चिम विभागात जायचं. किंमत कमी झाली, नव्या मालकाने मान्य केलं, आकडा १५-१५ झाला. आम्हाला कुणी विचारलं नाही. ५१ मोसमांची ओळख एका सहीने गेली. ३ ऑक्टोबर २०१२ला शिकागोत तिथल्या कब्स संघाशी नॅशनल लीगमधला शेवटचा सामना झाला. आजोबांनी तो लिहिला, खाली रेघ ओढली आणि वही कपाटात ठेवली.

२०१३चं वेळापत्रक फ्रिजवर लावायच्या चुंबकी पट्टीवर मिळालं. सिॲटल, ओकलंड, ॲनाहाईम. हे आता "आपल्या विभागातले". सिॲटल इथून विमानाने तीन हजार किलोमीटर. तिकडची घड्याळं दोन तास मागे, म्हणजे आमच्या रात्री नऊनंतर खेळ सुरू. आजोबांनी लाल पेन्सिलीने तेवढ्या सामन्यांवर फुल्या मारल्या. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, दुसऱ्या दिवशी शाळा. त्याने त्या वर्षी पश्चिमेकडचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिला नाही. भूगोल, भूगोल म्हणतात तो हाच का, असं तेव्हा फार वाटायचं.

पण त्याच पट्टीवर आणखी एक नाव होतं, टेक्सास रेंजर्स. आर्लिंग्टन, डॅलसच्या बाजूला. इथून चारशे किलोमीटर, सरळ एकच रस्ता, मध्ये मॅडिसनव्हिलला बकीजच्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात थांबून कॉफी प्यायची की पोचलास. माझा मावसभाऊ तिथे प्लेनोला राहतो, तो रेंजर्सचा. एकाच राज्यातले हे दोन संघ इतकी वर्षं वेगवेगळ्या लीगमध्ये होते, मोसमात चारदोन वेळा भेटायचे, जिंकेल त्याला चांदीचा बूट. ते वैर जाहिरातीतलं होतं, कुणाच्या पोटात दुखत नव्हतं.

अमेरिकन लीगमधला आमचा पहिला सामना ३१ मार्च २०१३ला रेंजर्सशीच झाला. ८-२ने जिंकलो. आणि मग त्या वर्षी त्यांच्याशी झालेल्या १९ सामन्यांपैकी १७ हरलो. मोसमात एकूण १११ पराभव. भाऊ दर मालिकेनंतर फोन करायचा आणि फक्त "काय मग?" एवढंच म्हणायचा. मला खरं सांगू, तेव्हा पहिल्यांदा रेंजर्सचा राग आला. वर्षाला १९ वेळा समोर आल्यावर माणूस परका राहत नाही, मग प्रेम तरी बसतं नाहीतर राग तरी.

२०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळ आलं. आमच्या गल्लीत पाणी पायरीपर्यंत चढलं होतं. त्याच आठवड्यात रेंजर्सशी घरची मालिका होती. ॲस्ट्रोजचं म्हणणं, आत्ता तुमच्याकडे खेळू आणि सप्टेंबरअखेरची तुमची मालिका आमच्याकडे घ्या. रेंजर्सनी मैदान देऊ केलं, पण अदलाबदल नाकारली. आपल्या प्रेक्षकांचे शेवटचे घरचे सामने त्यांना सोडायचे नव्हते. शेवटी मालिका झाली फ्लोरिडात, सेंट पीटर्सबर्गला, रिकाम्या खुर्च्यांसमोर. त्यांची बाजू आज मला समजते. पण त्या वेळी घरातला गाळ उपसता उपसता जो राग गावाच्या मनात बसला, तो कुठल्याही वेळापत्रकाने आणला नव्हता.

आता तुला वाटेल, मग भूगोलाची मांडणी बरोबरच झाली की. अर्धी बरोबर झाली, असं माझं मत आहे. एक शेजारी मिळाला आणि एक जुना वैरी गेला. कार्डिनल्स आता पाहुण्यासारखे येतात, गर्दी टाळ्या वाजवते. पेनसिल्व्हेनियात तर याहून वाईट झालं. पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया एकाच राज्यातली शहरं. १९७४ ते १९८० या सात वर्षांत नॅशनल लीगच्या पूर्व विभागाचं विजेतेपद या दोघांच्या बाहेर एकदाही गेलं नाही. १९९४ला तीन विभाग झाले तेव्हा पिट्सबर्ग मध्य विभागात गेलं, फिलाडेल्फिया पूर्वेत राहिलं, आणि ते वैर विझून गेलं. उलट, १९६९ला विभाग पाडले तेव्हा अटलांटाला पश्चिमेत घातलं होतं आणि त्याच्याहून पश्चिमेला असलेल्या शिकागो-सेंट लुईसला पूर्वेत. नकाशा समोर धरलास तर हसशील. पण १९९३ला त्याच चुकीच्या पश्चिम विभागात अटलांटाने १०४ सामने जिंकले, सॅन फ्रान्सिस्कोने १०३, आणि सॅन फ्रान्सिस्को घरी बसलं. आणि लॉस एंजेलिसचे डॉजर्स आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स? ते तर न्यूयॉर्कचं वैर. दोघंही १९५८पासून कॅलिफोर्नियात खेळू लागले आणि वैर सामानाबरोबर घेऊन गेले. एकाने जायचं ठरवलं तेव्हा दुसऱ्याला बरोबर नेलं, म्हणून ते टिकलं. वाटणी करणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी मला पुरे आहे.

तू नेहरू स्टेडियमचे दिवस आठव. रणजी ट्रॉफीत पश्चिम विभाग होता. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. मुंबई आली की आपण डबा घेऊन सकाळपासून बसायचो, आणि त्यांचा पहिला गडी पडला की तू उभा राहून ओरडायचास. तुला दिल्ली आली असती तर तेवढं ओरडावंसं वाटलं असतं का? २००२-०३ला विभाग गेले, दर्जानुसार एलिट आणि प्लेट असे गट आले. क्रिकेटचा दर्जा वाढला असेलही, पण दरवर्षी मुंबई येणारच, हा भरवसा गेला.

म्हणून मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. २०२३पासून प्रत्येक संघ बाकीच्या सगळ्या २९ संघांशी खेळतो. त्यासाठी विभागातल्या प्रतिस्पर्ध्याशी होणारे सामने १९वरून १३वर आणले. एकीकडे शेजाराचं गुणगान करायचं आणि दुसरीकडे शेजाऱ्याचे सामने कापायचे, हे मला पटत नाही. नकाशा नवा काढायचा तर काढा, पण सामने परत १९ करा, आणि मग वीस वर्षं त्याला हात लावू नका.

आता शेवटचं. २०२३ला ॲस्ट्रोज आणि रेंजर्स दोघंही ९०-७२वर संपले. आपसातले १३पैकी ९ सामने आम्ही जिंकले होते, म्हणून विभाग आमचा. आणि अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत पुन्हा तेच दोघं समोरासमोर. पाचव्या सामन्यात त्यांच्या अडोलिस गार्सियाला चेंडू लागला, दोन्ही संघ मैदानात धावले, आणि नवव्या इनिंगमध्ये आमच्या होसे अल्टुवेने होमरन मारून सामना फिरवला. सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले. सातवा आमच्याकडे होता, २३ ऑक्टोबरला, खंडेनवमीच्या रात्री.

आजोबा आमच्याकडे आले होते. ऐंशीच्या पुढचे, काठी घेऊन. एक सांगायचं राहिलं. २०१७ आणि २०२२ला आम्ही वर्ल्ड सिरीज जिंकलो, ते दोन्ही वेळा खूश झाले, पण वही काढली नाही. "तो दुसऱ्या लीगचा हिशेब," म्हणायचे. त्या रात्री त्यांच्या काखेत वही होती. सोफ्यावर बसले, शिकागोच्या पानाखालच्या रेघेवर बोट ठेवलं, पान उलटलं आणि वर टेक्सास असं लिहिलं.

पहिल्याच इनिंगमध्ये आमचा पिचर एक गडी बाद करून परत गेला. शेवटी ११-४ने हरलो. सहाव्या-सातव्या इनिंगपर्यंत घरातलं कुणी बोलत नव्हतं, माझा मुलगा उठून आत गेला. आजोबा शेवटच्या गड्यापर्यंत लिहीत होते. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी सातला भावाचा फोन. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," आणि मग हळूच, "सीमोल्लंघन आमचं झालं." मी फोन ठेवला नाही, पण बोललोही नाही बराच वेळ.

त्या पानाचा फोटो सोबत पाठवतोय. तिसऱ्या इनिंगच्या ओळीत गार्सियाच्या चौकोनाकडे बघ, कागद फाटलाय.

डिसेंबरात येतो आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझ्यासाठी टोपी आणतो, पण ती ॲस्ट्रोजचीच असेल. भावाकडून रेंजर्सची मागवलीस तर आपलं बोलणं बंद.

तुझाच,
बाकावरचा सोबती