पंपाचं सील तोडण्याआधी धुराचा रंग पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऊस हंगाम तोंडावर आला की निपाणी, संकेश्वर, चिकोडी, अथणी भागातले जुने ट्रक गॅरेजला लागतात. धूर फार येतो आणि स्लोला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता, इंजिन थरथरतं, ही तक्रार. त्यावर अनेक ठिकाणी डिझेल पंपाचं सील तोडून आणि डिझेलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू फिरवून डिझेल कमी केलं जातं. धूर घटतो, पीयूसी निघते, पण भरलेली गाडी तवंदी घाटात दम टाकते आणि मालक स्क्रू पुन्हा पिळून घेतो. मूळ दोष तिथंच राहतो. पंपाला हात सगळ्यात शेवटी लागावा, एवढ्यासाठी हे पत्र. यातलं सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांपुरतं आहे.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानानं डिझेल जास्त. आधी एअर क्लीनर उघडा. फडातल्या वाटेचा फुफाटा आणि पाचटाचा भुसा हंगामात तो फार लवकर चोंदवतो. ऑईलबाथ क्लीनर असेल तर ऑईल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलेलं ऑईल इंजिन ओढून घेतं आणि किल्ली बंद करूनही इंजिन आपोआप पळू शकतं. टर्बो असेल तर होज आणि क्लिपा तपासा. हवा ठीक असेल तर संशय नोझलवर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागावर.

पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल तर ते न जळलेलं डिझेल. खानापूरकडच्या थंडीत सकाळी चार-पाच मिनिटं आला तर काळजी नको. गरम इंजिनवरही राहिला तर पंपाचं टायमिंग मागे गेलंय (डिझेल उशिरा फवारलं जातंय) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) उतरलंय. धूर झोंबत नाही, वाफेसारखा आहे, रेडिएटरचं पाणी घटतंय आणि त्यात बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) किंवा हेडची चीर. बुडबुडे पाहायला झाकण थंड इंजिनवरच काढावं.

निळा धूर इंजिन ऑईलचा. रात्रभर उभी गाडी सुरू करताना किंवा घाट उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर देताना एकच भपका आला तर व्हॉल्व्ह गाईड झिजलंय. लोडवर सतत येत असेल आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोरात वाफ फेकली जात असेल तर पिस्टनची रिंग आणि सिलिंडरचा लायनर झिजलाय. टर्बोच्या गाडीत मात्र रिंगला दोष देण्याआधी टर्बोचा पाईप काढून आत ऑईल साचलंय का ते बघा. हे न बघता इंजिन खोललं तर मालकाचा नाहक मोठा खर्च होतो.

आता स्लोचं. आरपीएम एका लयीत वर-खाली होत असेल तर डिझेलच्या लाईननं एअर घेतलीय किंवा गव्हर्नर (पंपातला वेग सांभाळणारा भाग) अडकतोय. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडा, बुडबुडे लगेच दिसतील. बॅन्जोचे (लाईनच्या पोकळ बोल्टच्या जोडाचे) वॉशर आणि फिल्टरची रबर रिंग बदला, मग हवा काढायचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा. इंजिन ठराविक ठोक्याला मिसिंग मारत, म्हणजे ठोका चुकवत, असेल तर दोष एका सिलिंडरचा. स्लोवर एकेका नोझलच्या पाईपचा नट अर्धा आटा सैल करा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय, फरक पडला नाही तर दोष तिथं. हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं. कॉमन रेलच्या (फार जास्त प्रेशरच्या नव्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या) गाडीवर हा प्रयोग कधीही करू नये.

दोषी नोझल शेजारच्या सिलिंडरवर टाका, दोन्हीकडे नवे तांब्याचे वॉशर घालून. मिसिंग सोबत गेलं तर नोझल खराब, जागेवर राहिलं तर टॅपेट (व्हॉल्व्हची गॅप), कॉम्प्रेशन किंवा पंपाचा एलिमेंट (त्या सिलिंडरला डिझेल देणारा भाग). नोझल टेस्टरवर ओपनिंग प्रेशरच्या (नोझल उघडतं त्या दाबाच्या) २० बार खाली १० सेकंद धरलं की टोक कोरडं राहिलं पाहिजे, आणि फवारा धुक्यासारखा हवा. सहा सिलिंडरमध्ये फायरिंगचा (सिलिंडर पेटण्याचा) क्रम १-५-३-६-२-४ असतो. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र हलताना पहिल्याचं टॅपेट लावा, गॅप मॅन्युअलप्रमाणे.

एवढं करूनही धूर राहिला तरच पंप टेस्ट बेंचवर द्या आणि दर एलिमेंटच्या डिलिव्हरीचा तक्ता मागून घ्या. सगळे एलिमेंट सारखं डिझेल देत नसतील तर बाहेरून स्क्रू फिरवून स्लो कधीच बसणार नाही. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे. पीयूसीला जाताना इंजिन पुरतं गरम हवं, थंड इंजिनवर चांगली गाडीही नापास होते.

आपला,
डिझेल पंप व नोझलचं काम करणारा एक वाचक,
उद्यमबाग, बेळगाव