‘जुळे आहे’ एवढ्या नोंदीने भागत नाही

मा. संपादक,
स. न.

जुळ्यांच्या बाळंतपणात ‘अचानक’ गुंतागुंत झाली, हे वाक्य बातम्यांत आणि दवाखान्याच्या बाकावर सारखे ऐकू येते. पुष्कळदा ते अचानक झालेले नसते. कोणत्या जुळ्या गर्भारपणात धोका जास्त आहे, याचा बराचसा अंदाज तिसरा महिना संपतानाच बांधता येतो. त्याला वेगळे यंत्र लागत नाही, त्या सुमाराची नेहमीची एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागचा पाण्याचा थर मोजणारी) पुरते. तपासणाऱ्याने दोन बाळांमधला पडदा वारेला (प्लासेंटाला) जिथे मिळतो ती जागा नीट पाहायची, तिचा फोटो ठेवायचा आणि रिपोर्टात स्पष्ट लिहायचे: वार एक की दोन. तरीही कितीतरी रिपोर्टांत ‘जुळे गर्भ, दोन्ही ठोके चांगले’ यापलीकडे काही नसते. ही नोंद अपुरी आहे, म्हणून हे पत्र.

घरच्यांचा प्रश्न असतो, जुळी एकसारखी दिसणार की वेगळी? वैद्यकीयदृष्ट्या त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे वार. दोन बीजांच्या जुळ्यांना दोन स्वतंत्र वारा असतात. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश मात्र एकाच वारेवर वाढतात. त्यांना मोनोकोरिऑनिक म्हणतात. सामाईक वारेवर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. देवाणघेवाण सम राहिली तर काही बिघडत नाही. अशा शंभर गर्भारपणांत १० ते १५ वेळा ती बिघडते आणि एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जाऊ लागते. देणाऱ्या बाळाची लघवी कमी होते, त्याच्याभोवतीचे पाणी आटते आणि पडदा अंगाला चिकटून ते भिंतीशी अडकल्यासारखे होते. घेणाऱ्याची लघवी वाढते, पाणी भरमसाट होते, हृदयावर ताण येतो. यालाच ट्विन टू ट्विन ट्रान्सफ्यूजन, म्हणजे टीटीटीएस म्हणतात. उपचार न झाल्यास प्रगत अवस्थेत बहुतेक वेळा दोन्ही बाळे हातची जातात.

वार ओळखण्याची योग्य वेळ आहे ११ ते १४ आठवडे, बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असताना. दोन वारा शेजारी चिकटल्या असतील तर पडद्याच्या मुळाशी वारेचा त्रिकोणी कोंभ घुसलेला दिसतो. हे लॅम्डा चिन्ह. एकच वार असेल तर पातळ पडदा काटकोनात येऊन टेकतो. हे टी चिन्ह. १४ आठवड्यांनंतर कोंभ विरत जातो आणि पाचव्या महिन्यात खात्रीने सांगणे कठीण होते. इथे एक चूक नेहमी होते. ‘वारेचा एकच गोळा दिसला’ म्हणून एक वार असे लिहिले जाते, पण दोन वारा जुळूनही एकच गोळा दिसतो; निर्णय पडद्याच्या मुळावरूनच करायला हवा. खात्री होत नसेल तर दुसऱ्या अनुभवी सोनोलॉजिस्टला दाखवावे. तरीही शंका उरली तर एकच वार आहे असे धरून चालावे. तपासण्या थोड्या जास्त होतील, एवढेच.

आपल्याकडे ही नोंद वेळेत होण्याला आणखी एक कारण आहे. इतर देशांत मुलगा-मुलगी असे जुळे दिसले की दोन वारा आहेत, असे नंतरही सांगता येते. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे तो मार्ग इथे बंद आहे, आणि तो बंदच राहायला हवा. म्हणजे आपल्याला ती पहिली सोनोग्राफीच कामाची. कायद्याची आडकाठी मुळीच नाही: या कायद्याखाली गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्म ‘एफ’मधल्या मान्य कारणांत गर्भांची संख्या आणि कोरिऑनिसिटी (वार एक की दोन) हे कारण छापलेलेच आहे.

त्याच तपासणीत आणखी दोन आकडे हाती येतात. पहिला, दोन बाळांच्या लांबीतला फरक. मोठे ६० मिलिमीटर आणि लहान ५४ असेल, तर फरक ६. त्याला मोठ्याच्या मापाने भागले की १० टक्के. १० टक्के किंवा जास्त फरक असेल तर फीटल मेडिसिन (पोटातल्या बाळाच्या आजारांच्या) तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. दुसरा, मानेमागच्या पाण्याच्या थराच्या, म्हणजे एनटीच्या मापातला फरक. एका वारेच्या जुळ्यांत तो २० टक्के किंवा जास्त असेल, तर एखादे बाळ लवकर दगावण्याचा किंवा तीव्र टीटीटीएस होण्याचा धोका ३० टक्क्यांच्या वर जातो. कमी असेल तर १० टक्क्यांच्या आत राहतो. हे आकडे सावध करतात, अभय देत नाहीत. एनटी सारखी आहे म्हणून पुढच्या तपासण्या सैल सोडणे ही घोडचूक ठरते.

आणि बाळांना नावे द्या! ‘बाळ १, बाळ २’ एवढ्याने पुढच्या वेळी अदलाबदल होते आणि वाढीचा आलेख खोटा पडतो. ‘बाळ १: खाली, डावीकडे, वार पुढच्या भिंतीवर’ असे लिहिले तर तीन ठिकाणी तपासणी झाली तरी घोळ होत नाही. नाळ वारेच्या मध्यावर जोडली आहे की कडेला, हेही टिपावे. कडेला जोडलेल्या बाळाची वाढ मागे पडण्याची शक्यता जास्त असते.

एका वारेच्या जुळ्यांची सोनोग्राफी १६ आठवड्यांपासून दर १५ दिवसांनी व्हायलाच हवी. महिन्याने नव्हे, कारण मधल्या तीन आठवड्यांत सगळा खेळ आटोपू शकतो. प्रत्येक वेळी दोन्ही बाळांभोवतीच्या पाण्याच्या सर्वांत खोल जागेचे उभे माप घ्यावे. एकीकडे २ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि दुसरीकडे ८ पेक्षा जास्त (२० आठवड्यांनंतर १०) असेल तर टीटीटीएस झाला असे समजावे. देणाऱ्या बाळाचे मूत्राशय दिसेनासे झाले तर आजार पुढच्या पायरीवर गेला. २० आठवड्यांपासून बाळांच्या मेंदूच्या रक्तवाहिनीचा डॉप्लरही (रक्तप्रवाहाचा वेग मोजणारी सोनोग्राफी) हवा, कारण कधी पाणी सारखेच राहते आणि एक बाळ फिकट, दुसरे रक्ताने दाट होत जाते. वजनाचा फरकही मोठ्या बाळाच्या वजनाने भागून काढायचा: १२०० आणि ९०० ग्रॅम म्हणजे २५ टक्के, आणि हा आकडा धोक्याचा आहे.

बाईला स्वतःला काय जाणवते? चौथ्या-पाचव्या महिन्यात आठ-दहा दिवसांत पोट झरझर वाढते, कातडी ताणते, झोपले की धाप लागते. ‘जुळेच आहे, पोट मोठे असणारच’ म्हणून घरात आणि कधी दवाखान्यातही हे झटकून टाकले जाते. त्याच दिवशी सोनोग्राफी करा. जोडलेल्या वाहिन्या लेझरने बंद करण्याचा उपचार साधारण १६ ते २६ आठवड्यांत होतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत लेझरनंतर २८ दिवसांपर्यंत निदान एक बाळ जगण्याचे प्रमाण ७६ टक्के होते. नुसते पाणी काढलेल्या गटात ५६. ही सोय मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या बाईला तिथे पोहोचायला दिवस मोडतो, म्हणून कुठे पाठवायचे हे १६ आठवड्यांच्या आधीच ठरलेले बरे.

दोन वारांच्या जुळ्यांना हा धोका जवळपास नसतो. त्यांना दर चार आठवड्यांची तपासणी पुरते. अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि आईचा रक्तदाब मात्र दोन्ही प्रकारच्या जुळ्यांत गाठतात. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. २० आठवड्यांच्या सुमारास, लघवी करून आल्यावर, आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजावी. २५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर योनीमार्गाने प्रोजेस्टेरॉन देण्याचा विचार होतो. जुळे आहे म्हणून गर्भपिशवीच्या तोंडाला सरसकट टाका घालण्याने फायदा होत नाही. तोंड उघडू लागले असेल तर तो निर्णय वेगळा. ‘सहा महिने झोपूनच राहा’ या सल्ल्यानेही प्रसूती लांबत नाही, उलट पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो.

रक्तदाबासाठी: जुळे, त्यात पहिलटकरीण, चाळिशी, जास्त वजन किंवा आई-बहिणीला गर्भारपणात बीपी झालेले, अशी भर असेल तर १२ ते १६ आठवड्यांत डॉक्टरांच्या सल्ल्याने ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन रात्री सुरू करतात. पाचव्या महिन्यात सुरू केले तर उपयोग बराच कमी होतो. हिमोग्लोबिन २० ते २४ आणि पुन्हा २८ आठवड्यांना पाहावे.

बाळांची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून दिले जाणारे डेक्सामेथासोन (६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने, १२ तासांच्या अंतराने) सात दिवसांत प्रसूती होईल असे दिसले तरच द्यावे, जुळे म्हणून आगाऊ नको. सगळे सुरळीत असेल तर दोन वारांच्या जुळ्यांची प्रसूती ३७व्या आठवड्यात, एका वारेच्या जुळ्यांची ३६व्यात करतात. एकाच पाण्याच्या पिशवीतल्या (मध्ये पडदाच नसलेल्या) जुळ्यांची मात्र ३२ ते ३४ आठवड्यांतच, कारण त्यांच्या नाळा एकमेकींत गुंततात.

आरोग्य विभागाला विनंती आहे की जुळ्यांच्या सोनोग्राफी रिपोर्टात वारेचा रकाना सक्तीचा करावा आणि तीच नोंद माता-बालसुरक्षा कार्डावर उतरवावी. दर महिन्याच्या ९ तारखेच्या पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो, त्याशेजारी ही एक ओळ मावते. आशाताईंनाही त्यावरून कळेल की या बाईला महिन्याने पाठवायचे की पंधरा दिवसांनी. कार्डावर मजकूर एवढाच हवा: ‘जुळे, वार एक, पिशव्या दोन, १६ आठवड्यांपासून दर १५ दिवसांनी सोनोग्राफी, पोट एकदम वाढल्यास त्याच दिवशी.’

आपली,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सांगली